तव्यावरची झाडं

बेलझरीत कोणाला काही वाळवायचं असलं की तो आभाळाकडे बघायचा नाही, सरळ तव्यावर जायचा. तवा म्हणजे वस्तीच्या मागचं मोकळं माळरान. तिथली जमीन बारा महिने कोमट असायची. भर पावसाळ्यात बाया तिथे कपडे पसरायच्या, थंडीत म्हातारी माणसं पाठ टेकून बसायची, आणि कमरुद्दीन गादीवाला ओली रुई तिथे अंथरून निवांत बिडी ओढायचा. घुग्घुसच्या रस्त्याला एवढ्या वस्त्या आहेत, पण फुकटची शेकोटी फक्त आमच्याकडे, याचा आम्हाला भारी तोरा होता. पाहुणा आला की त्याला चहाआधी तवा दाखवायचा, असा रिवाजच पडला होता.

जमीन गरम का, हे कोणी विचारलं नाही. खाली जुनी खाण आहे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. कोण्या जुन्या मालकाने कोळसा काढून नेला, छत पडू नये म्हणून खाली कोळशाचेच खांब ठेवले आणि एक दिवस तोंड बुजवून तो निघून गेला. ती खाण मेली, असं आम्ही धरून चाललो. वासाचं म्हणाल, तर इथे रोज सकाळी प्रत्येक दारापुढे कच्च्या कोळशाचा ढीग पेटतो. त्याचा धूर निघून गेला की तो विझवायचा आणि मग सिगडीत घालायचा. जन्मल्यापासून तोच वास नाकात. त्यामुळे तव्यावरून तसाच वास आला तरी प्रत्येकाला वाटायचं, शेजाऱ्याने ढीग पेटवला असेल. दुसऱ्या गावच्या माणसाने पहिल्याच दिवशी नाकाला रुमाल लावून विचारलं असतं. आम्ही त्यालाच हसलो असतो.

नाहीद ही या कमरुद्दीनची मुलगी. वस्तीतून बी.एस्सी., बी.एड. होणारी पहिली. गावच्या हायस्कुलात ती विज्ञान शिकवायची, पण शिक्षणसेवक म्हणून. म्हणजे काम पूर्ण शिक्षकाचं आणि कायम होणं मुख्याध्यापकांच्या शेऱ्यावर. मुख्याध्यापक गुणवंतराव तसे वाईट माणूस नव्हते. त्यांना शाळेचं नाव मोठं करायचं होतं एवढंच, आणि एवढंच कधीकधी पुरेसं असतं.

दोन हजार एक सालच्या पावसाळ्यात नागपूरच्या एका संस्थेने 'जग आपल्या वर्गात' नावाचा उपक्रम आणला. जगातला एखादा प्रश्न घ्यायचा, मुलांनी त्यावर गावात सेवेचं काम करायचं आणि परदेशातल्या जोडीदार शाळेला ते कळवायचं. नाहीदला आनंदाने झोप लागेना. आपल्या पोरांनी चंद्रपूरचा किल्ला सोडून पलीकडचं काही पाहिलं नाही, याची तिला मनापासून खंत होती. आठवीच्या वर्गाने पृथ्वी तापते आहे हा प्रश्न निवडला आणि झाडं लावायचं ठरवलं. जोडीदार शाळा मिळाली फिनलंडची. तिकडे हिवाळ्यात जमीन दगडासारखी गोठते, हे ऐकल्यावर पोरांनी त्यांना पहिल्याच पत्रात तव्याबद्दल फुशारकीने लिहिलं.

जागा नाहीदनेच सुचवली. बाकी सगळी जमीन कोणाच्या ना कोणाच्या धानाची, सोयाबीनची किंवा वहिवाटीची. तव्यावर कोणाचा हक्क नव्हता, शिवाय थंडीने रोपं मरायची भीती नाही. खड्डे तिने हजेरीच्या नंबराप्रमाणे वाटून दिले. एक नंबर रस्त्याच्या कडेला, तिथून पुढे आत आत. सगळ्या शाळांत असते तशी हजेरी आधी मुलांची आणि मग मुलींची, म्हणून मुलींचे खड्डे माळाच्या आतल्या टोकाला आले. शेवटचा खड्डा चंचलचा. ती शेतापलीकडच्या गावातून उशिरा दाखल झाली होती, म्हणून तिचा नंबर शेवटचा.

चंचल म्हणजे मुखरू आणि गुणाबाई या शेतकरी जोडप्याची एकुलती मुलगी. दिसायला काडी, पण सांगितलेलं काम अंगाबाहेर टाकणं तिच्या स्वभावातच नव्हतं. मॅडमनी पाणी रोज घालायला सांगितलं, तर ही रविवारीही कोसभर चालत येऊन घालायची. फिनलंडची हेल्मी नावाची मुलगी तिची जोडीदार होती, म्हणून तिने आपल्या कडुलिंबाच्या रोपालाही हेल्मीच नाव ठेवलं. पालकसभेला गुणाबाई आली ती तक्रार घेऊनच, पण बोलता बोलता हसली.

"मॅडम, पोरगी तुमचं आयकते, आमचं नाई. तुमी म्हनान तं विहिरीत बी उतरन. मंग जपून सांगत जा तिले."

नाहीदही हसली. असं ऐकायला कोणत्या मास्तरणीला आवडणार नाही?

रोपं दसऱ्यापर्यंत टिकली, मग एकेक करून माना टाकू लागली. पाणी कमी पडलं म्हणावं तर तसं नव्हतं. वरची पानं हिरवी असायची आणि खालून खोड काळं पडत यायचं. गुणवंतरावांनी खड्डे उथळ झाल्याचं निदान केलं आणि दिवाळीनंतर पोरांकडून ते आणखी खोल खणून घेतले. सब्बल, म्हणजे पहार, मारली की एकाएकी हातभर आत जायची, जणू खाली कोणी वाटच करून ठेवली होती. पोरांना गंमत वाटायची. पाणी ओतलं की खड्डा सुस्कारा टाकायचा आणि वाफ वर यायची, तेव्हा तर टाळ्या पडायच्या.

वस्तीतही लहानसहान काही घडत होतं. तव्यावर रात्रंदिवस लोळणारी कुत्री रस्त्यावर झोपायला आली. बकऱ्या तिकडे वळवल्या तरी परत फिरायच्या. बाया म्हणाल्या, यंदा तवा चांगला तापला आहे, आणि त्यांनी घरातली सगळी गोधडी-वाकळ काढून तिथे नेली. आमच्या अकलेची ही अशी तऱ्हा. पहिला दचकला तो कमरुद्दीन. एका संध्याकाळी त्याने रुईचा लोळा आणून मुलीच्या पुढ्यात ठेवला. खालची बाजू चहासारखी तांबूस झाली होती.

"बेटी, मी रुई सुकवतो, भाजत नाई," तो म्हणाला. "आता हे भाजून राह्यली."

नाहीदने रुई हातात घेतली, हुंगली आणि ठेवून दिली. मनात पाल चुकचुकली, पण सहामाहीचे पेपर तपासायचे होते.

डिसेंबरात तिने वर्गात ज्वलन शिकवायला घेतलं. आग लागायला काय काय लागतं, असं विचारलं. पोरांनी जळण सांगितलं, काडी सांगितली. हवा कोणी सांगेना. मग तिने नेहमीप्रमाणे घरातलं उदाहरण काढलं. सिगडी नीट पेटत नसेल तर घरी काय करता? चंचलने हात वर केला आणि उठून ताठ उभी राहिली. उत्तर द्यायचं तर ती नेहमी आधी ताठ उभी राहायची.

"आई खालचं दार उघडते, मॅडम. अन् वरून सळईनं भोकं करते. हवा गेली का पेटते."

शाब्बास म्हणून नाहीद फळ्याकडे वळली. मागून पुन्हा तोच आवाज आला, जरा हळू.

"मंग तव्यावर आपन बी तेच करून राह्यलो का, मॅडम?"

नाहीदच्या हातातला खडू फळ्यावर टेकलेलाच राहिला. खाली कोळशाचे खांब, ते कधीपासून धुमसत असतील कोण जाणे. वर मातीचं झाकण. आणि त्या झाकणाला आपण आठवीच्या हजेरीएवढी भोकं पाडली. झाडं लावायला. तिने वळून सगळ्यांना बजावलं की आजपासून तव्यावर कोणी पाय ठेवायचा नाही, मी स्वतः सांगेपर्यंत नाही. चंचलने विचारलं, हेल्मीला पाणी कोण घालणार? नाहीद म्हणाली, मी बघते. खरं तर त्या रोपात तेव्हा पाणी घालण्यासारखं काही उरलेलं नव्हतं.

त्या रविवारी ती, कमरुद्दीन आणि वस्तीतल्या चार बाया घमेली घेऊन गेल्या आणि राखमाती टाकून सगळे खड्डे बुजवून आल्या. चपलांचे तळवे मऊ पडले होते. दोन-तीन दिवसांनी वाफ कमी झाली आणि वस्तीने सुटकेचा निःश्वास टाकला. नाहीदला मात्र सुटल्यासारखं वाटेना, कारण सिगडीचं दार लावलं तरी निखारे लगेच विझत नाहीत.

तिने खाणीच्या कचेरीत अर्ज दिला. तिथे सांगितलं, ही खाण आमची नाही, जुन्या मालकाची, तहसिलीत जा. तहसिलीत सांगितलं, जमिनीच्या वरचं आमचं, आतलं खाणीवाल्यांचं. जमिनीच्या नेमक्या कोणत्या थरावर बाई उभी आहे, यावर दोन कचेऱ्यांचं एकमत होत नव्हतं. मला अजूनही तो प्रसंग आठवला की डोकं फिरतं.

आणि नेमकं तेव्हाच नागपूरहून कळवलं गेलं की जानेवारीत फिनलंडचे दोन शिक्षक शाळा पाहायला येणार. गुणवंतरावांनी शाळेला चुना काढायला घेतला, फलक रंगवला, स्वागतगीत बसवलं. नाहीदने त्यांना सगळं समजावून सांगितलं आणि कार्यक्रम शाळेच्या आवारातच घ्या, असं विनवलं. त्यांनी आधी ऐकून घेतलं, मग चष्मा काढला.

"मॅडम, ते लोक झाडं पाहाले येऊन राह्यले. मी त्याइले काय दाखवू, राख?"

तिने पुन्हा सांगितलं, जमिनीचा भरवसा नाही. त्यावर ते म्हणाले की जागा तुम्हीच सुचवली होती, तव्यावर तुमची वस्ती पिढीजात नांदते आहे, आणि तुमच्या कायम होण्याचा कागदही याच महिन्यात माझ्या टेबलावर येणार आहे. आवाज अजिबात चढला नाही. नाहीद म्हणाली, कागदाचं तुम्हाला काय करायचं ते करा, माझी पोरं तिथे जाणार नाहीत. दुसऱ्या दिवशी गुणवंतरावांनी तिला बोलावून सांगितलं की बरं, कार्यक्रम आवारातच करू. इतक्या सहज मानले, याचा तिला आनंद झाला. संशय यायला हवा होता.

पाहुण्यांना चंद्रपूरहून आणायचं काम तिच्यावर टाकलं, इंग्रजी तिचं बरं म्हणून. ती भल्या सकाळी जीपने गेली. ती गेल्यावर गुणवंतरावांनी आठवीचा वर्ग काढला आणि शिपाई नथ्थूला हाताशी घेतलं. मोठ्या झाडांच्या फांद्या तोडून आणल्या, बुजवलेले खड्डे सब्बलीने मोकळे केले आणि प्रत्येकात एकेक हिरवीगार फांदी रोवली. साहेब येणार म्हटलं की आपल्याकडे झाडं अशीच एका सकाळीत वाढतात, त्यात नवल काही नाही. फक्त चंचल रस्त्यावरच उभी राहिली. मॅडम सोता बोलल्या का, असं तिने विचारलं. नथ्थू म्हणाला, हो बोलल्या, त्याइनंच सांगून ठेवलं. तो काही कपटी माणूस नव्हता. त्याला जसं सांगितलं होतं तसं त्याने सांगितलं. मग ती गेली आणि आपल्या शेवटच्या खड्ड्याजवळ उभी राहिली.

जीप शाळेच्या फाटकापाशी आली तेव्हा आवार रिकामं होतं. चुन्याच्या रेघा, खुर्च्या, कोणी नाही. फाटकातला चौकीदार हात करून पुढे जा म्हणत होता. वळणापलीकडून स्वागतगीत ऐकू येऊ लागलं, आणि पाहुण्यांपैकी उंच बाई आनंदाने तिचा हात दाबून म्हणाली, मुलं किती छान गातात.

तवा हिरवा दिसत होता. आयुष्यात पहिल्यांदाच. रांगेने फांद्या, प्रत्येक फांदीजवळ गणवेशातलं एक मूल, छातीवर फिनलंडच्या जोडीदाराचं नाव लिहिलेली पट्टी. गुणवंतराव रस्त्याच्या कडेला हार घेऊन उभे. पाहुणे कॅमेरे काढत उतरले. नाहीद उतरली आणि तिची नजर फांद्यांच्या बुडाशी गेली. सकाळी तोडलेली पानं खालून वर वळत, चुरगळत येत होती. आतल्या टोकाच्या तर निम्म्या करपल्या होत्या. आणि मुलांच्या व मुलींच्या रांगांच्या मधून सुतळीएवढी एक भेग गेली होती, तिच्यातून बारीक धूर निघत होता. पोरं पाय उचलून उचलून ठेवत होती आणि गात होती.

ओरडावंसं तिला वाटलं, पण ओरडली असती तर सगळा वर्ग एकदम उधळला असता, एकमेकांवर आदळत, त्या भेगेवरून. शिवाय मुख्याध्यापक समोर असताना जागा सोडायची नाही, हे पोरांच्या हाडात मुरलेलं. एकेकाला, सावकाश, न घाबरवता बाहेर काढायचं होतं. तिला एकच गोष्ट सुचली, जी पोरं डोळे मिटून पाळतात. गाणं संपलं तशी ती रस्त्याच्या कडेला उभी राहिली आणि वर्गात घेते त्याच आवाजात तिने हजेरी सुरू केली.

चैतू. हजर. माझ्याकडे ये, हळू. दसरू. हजर. जिशान. हजर. एकेक मुलगा चालत येऊन तिच्या मागे उभा राहू लागला. पाहुण्यांना वाटलं हाही कार्यक्रमाचाच भाग, त्यांनी प्रत्येक नावाला टाळ्या वाजवल्या आणि फोटो काढले. गुणवंतरावांनी दातांतल्या दातांत विचारलं, हे काय चालवलं आहे? तिने त्यांच्याकडे बघितलं नाही. लालसू. प्रवीण. सलमान. तोंडपाठ नावं, रोजची, त्याच क्रमाने जिभेवर येत होती.

मुलांची नावं संपली तेव्हा तिला कळलं. आपण सवयीने एकपासून सुरुवात केली. जे रस्त्याजवळ होते त्यांना आधी बोलावलं. ज्या सगळ्यात आत, सगळ्यात तापल्या जागी उभ्या आहेत, त्या मुली अजून तिथेच आहेत, नेहमीसारख्या आपली पाळी येण्याची वाट बघत. पहिल्या मुलीचं नाव तिने गिळलं आणि सरळ हाक मारली.

"चंचल. तू ये."

चंचल ताठ उभी राहिली. पण निघाली नाही. तिने शेजारच्या मुलींकडे पाहिलं, मग पुन्हा मॅडमकडे. मॅडमची चूक सगळ्यांदेखत दाखवायची तिला लाज वाटत होती, ते चेहऱ्यावर दिसत होतं.

"मॅडम, आंधी नाजियाचा नंबर हाय."

"नंबर राहू दे. तू ये, बाळा."

"हजर, मॅडम," चंचल म्हणाली आणि निघाली. निघता निघता तिने वाकून हेल्मीची कललेली फांदी सरळ केली, कारण पाहुणे बघत होते. मग दोन पावलं टाकली.

आवाज मोठा झाला नाही. भाकरीचा पापुद्रा बोटाने दाबावा तशी तिच्या पायाखालची जागा खाली बसली, आणि फांदी काही क्षण उभीच्या उभी खाली जाताना दिसली. मग धूर आला. बाकीच्या मुली कशा धावल्या, कोणी कोणाला ओढलं, हे त्यांना स्वतःलाही सांगता येत नाही. त्या सगळ्या रस्त्यावर आल्या. नाहीद धावली ती उलट दिशेने, तिला गाणं ऐकून वस्तीतून धावत आलेल्या कमरुद्दीनने आणि नथ्थूने भेगेपाशी धरून ठेवलं. एक शेवटची टाळी वाजली आणि मध्येच थांबली.

मग सगळं झालं. दोन्ही कचेऱ्यांचे लोक एकाच जीपमधून आले, चर खणले गेले, वस्ती हलवली. गुणवंतरावांची बदली झाली, तीही चंद्रपुरात. गुणाबाई शाळेत एकदाच आली. ओरडली नाही, रडली नाही. वर्गाच्या दाराशी उभी राहून म्हणाली, मॅडम, मी सांगलं होतं ना, जपून सांगत जा तिले.

नाहीद पुढे दुसऱ्या शाळेत लागली, अहेरीकडे. तिथल्या पोरांना पहिल्या दिवशी जरा गोंधळायला होतं. या मॅडमची हजेरी शेवटच्या नंबरापासून सुरू होते, आणि मुलींची आधी. काऊन असं, म्हणून कोणी विचारलं तर ती सांगत नाही, नुसतं पुढचं नाव घेते.